मानधनाचा शिक्का

माझ्या टेबलाच्या उजव्या ड्रॉवरमधे एक रबरी शिक्का आहे, 'मानधन अदा केले' असा. जांभळी शाई, आणि 'केले'मधला 'ले' अर्धाच उठतो. अकरा वर्षं दर महिन्याच्या सात तारखेला मी तो मारत आले, व्हाऊचरची चळत पुढ्यात घ्यायची आणि ठप ठप ठप, मधे चहा आला तर चहा, परत ठप ठप, आणि एकदाही डोक्यात आलं नाही की आपण नक्की काय मारतोय. गेली दोन वर्षं त्या एका शब्दापायी मी कुठं कुठं फिरले ते आता एकदाच लिहून ठेवते, कारण जो भेटतो तो विचारतो "काय झालं ओ तुमच्या त्या पगाराच्या भानगडीचं" आणि दरवेळी पहिल्यापासून सांगून तोंड दुखतं.

मी भाषणवाली बाई नाही हे आधी सांगते. शिवाजी विद्यापीठाचं बी.कॉम., मग टॅलीचा कोर्स, मग ही संस्था. ऑफिस कोल्हापुरात एका जुन्या घराच्या माडीवर, पावसाळ्यात फायली प्लॅस्टिकमधे गुंडाळून ठेवाव्या लागतात. काम म्हणजे वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीला येणाऱ्या लोकांच्या पोरांसाठी वर्ग. हंगाम लागला की बीडकडनं ट्रक भरून माणसं येतात, कारखान्याच्या आसपास खोपटी पडतात, आणि आमच्या बायका सकाळी सकाळी स्कूटीवर फळा बांधून तिकडं पोचतात. मी मात्र कायम खुर्चीत. बजेट, बिलं, यूसी म्हणजे अनुदान कसं खर्चलं त्याचे दाखले, ऑडिट.

सुरुवात झाली आक्कांपासून. आक्का म्हणजे आमची सगळ्यात जुनी फील्डची बाई, १४ वर्षं काढली संस्थेत. २०२१ मधे असंघटित कामगारांची ई-श्रम कार्ड सुरू झाली तेव्हा भट्टीवरच्या शेकडो जणांची कार्ड त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेऊन काढून दिली, कुणाचा आधारला मोबाईल लिंक नाही, कुणाचं बोट उमटत नाही, सगळं निस्तरलं. २०२४ च्या मार्चमधे गुडघे गेले म्हणून त्यांनी काम सोडलं. शाल झाली, नारळ झाला, साडी झाली, अध्यक्ष सर छान बोलले, आक्का रडल्या, आम्ही रडलो, फोटो झाला. आठ दिवसांनी त्या जिना चढून परत आल्या, एकेका पायरीला थांबत, आणि माझ्यासमोर बसून हळूच म्हणाल्या, "पोरी, माझं काय निघतंय का गं?"

त्यांच्या शेजारचा एकजण उद्यमनगरात फाउंड्रीत होता, तो रिटायर झाला तर त्याला पीएफ मिळाला आणि वर ग्रॅच्युइटी. आक्कांना वाटलं आपलंही असेल काहीतरी. मी उगाच कपाट उघडलं, फाईल काढली, चाळल्यासारखं केलं. मला माहिती होतं त्यात काय आहे ते. नेमणूकपत्र नाही. पीएफ नाही. दर महिन्याचं एक व्हाऊचर आणि त्यावर माझा शिक्का. मी म्हटलं, "आक्का, तुमचं ते मानधन होतं, पगार नव्हता." त्या म्हणाल्या, "म्हंजे?" आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. खरंच नाही आलं. कॉमर्स शिकलेली बाई मी.

त्यानंतर, जोतिबाची यात्रा झाली त्या आठवड्यात, नणंद घरी आलेली. ती करवीर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. भाकरी थापता थापता मी तिला आक्कांचं सांगितलं तर ती म्हणाली, "वैनी, आमचं पण मानधनच की. पण सुप्रीम कोर्टानं सांगितलंय न्हवं ग्रॅच्युइटी द्यायची म्हणून. आम्ही संपात काय उगंच बसलोतो व्हय?" डिसेंबर २०२३ ला सुरू झालेला तो अंगणवाडीचा संप मला आठवत होता, म्हणजे ती घरी नसायची आणि पोरं माझ्याकडं असायची एवढंच, त्यांच्या मागण्या काय होत्या हे मी कधी विचारलंही नव्हतं. स्वतःच्या घरातली बाई.

रात्री मोबाईलवर शोधलं. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांची केस, २५ एप्रिल २०२२ चा निकाल, न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक. त्यात असं धरलंय की सेविकांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येत बसतं. मी ते तीनदा वाचलं. मग उठून कॅल्क्युलेटर घेतला. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कायदा लागू, पाच वर्षं सलग नोकरी पाहिजे, शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. आक्कांना शेवटी ९,००० मिळत होते. ७२,६९२ रुपये येतात. पंख्याखाली बसून मी त्या आकड्याकडं बघत बसले, शेजारी नवरा झोपलेला, आणि मनात एवढंच की हे पैसे मी थांबवलेत. सही ट्रस्टींची असते पण शिक्का माझा.

आता ट्रस्टींची मीटिंग. इथं मी कुणाला व्हिलन करणार नाही, माणसं चांगली आहेत, स्वतःच्या खिशातनं संस्था उभी केलीय. पण 'पगार' शब्द काढल्याबरोबर खोलीतली हवा बदलली. एक ज्येष्ठ म्हणाले, "आपण सेवा करतो, नोकरी देत नाही." दुसरे म्हणाले, आम्हाला तर एक रुपयाही मिळत नाही, तुम्हाला निदान मानधन तरी मिळतं. (त्यांची पेन्शन आहे. हे मी बोलले नाही, इथं लिहितेय.) तिसऱ्यांनी मात्र खरा प्रश्न विचारला, ते व्यापारी आहेत त्यामुळं त्यांना कळतं, "मॅडम, देऊ की. पण आणायचं कुठनं?"

आणि याचं उत्तर मलाच सगळ्यात चांगलं माहिती होतं, कारण प्रपोजलची बजेटं मी बनवते. कुठल्याही फंडरच्या फॉरमॅटमधे ग्रॅच्युइटीची ओळ नव्हती. पुस्तकं आहेत, दप्तरं आहेत, बॅनर आहेत, उद्घाटनाचा हार-तुरा पण बसतो, पण शिकवणाऱ्या बाईच्या म्हातारपणाला जागा नाही. सरकारी योजनेत तर छापीलच 'मानधन' येतं, आकडा पण त्यांचा. पीएफचा कायदा २० माणसांना लागू, म्हणून कितीतरी ठिकाणी रजिस्टरवर कायम १९ जणं. आमच्या फील्डवरच्या तीन पोरांना आम्ही कन्सल्टंट दाखवलं होतं, दहा टक्के टीडीएस कापून, महिना बारा हजाराचे कन्सल्टंट! रिटर्न भरून ते दहा टक्के परत मिळवायचे तर सीएला पाचशे द्यायचे. मग कळलं की आक्कांचा प्रश्न आमच्या माडीवर सुटणारा नाही, वर जायला लागणार. आणि वर जायचं म्हटलं की ट्रस्टी लगेच "राजकारण नको, १२ए जाईल, धर्मादायवाले विचारतील." १२ए म्हणजे संस्थेला करमाफी देणारी आयकराची नोंदणी. पक्षाचा प्रचार करणं वेगळं आणि कायद्यात बदल मागणं वेगळं हे पटवायलाच दोन मीटिंगा गेल्या.

तोडगा निघाला तो शिरोळ तालुक्यातल्या आमच्या एका पोराकडून. तो म्हणाला, "मॅडम, हेरवाडनं काय केलं? सरकारकडं काय मागितलं नाही, आधी गावात ठराव केला." आठवत असेल, २०२२ च्या मे महिन्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनी पण तसं करावं म्हणून पत्रक काढलं. एका गावाचा कागद. आपल्याकडं मोर्चा म्हटलं की बिंदू चौक, टोलविरोधी आंदोलनाच्या वेळची गर्दी, तेच डोळ्यासमोर येतं, पण आमच्यासारख्या संस्थांची मिळून दीडशे माणसं निघाली तरी कोण बघणार. त्यापेक्षा प्रत्येक संस्थेनं आधी आपल्या विश्वस्त मंडळात ठराव करायचा, आमच्याकडं काम करणारा माणूस कर्मचारी आहे, त्याला नेमणूकपत्र देऊ, कायद्यानं निघतं ते देऊ, आणि मग तो गठ्ठा घेऊन फंडरकडं आणि सरकारकडं जायचं की आम्ही आमच्या बाजूनं केलंय, आता तुम्ही बजेटमधे ओळ घाला. मला हे पटलं कारण यात भाषण नव्हतं, कागद होता.

पहिली बैठक जून २०२४ ला झाली, सात संस्थांची माणसं आली. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, एकीनं जयसिंगपूरचा भडंग आणलेला. पहिला तास नुसता १२ए आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) यावर गेला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, २०२१ पासून आयकराची ही नोंदणी कायमची राहिली नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची तारीख सारखी पुढं ढकलत ढकलत ३० जून २०२४ पर्यंत आलेली आणि तेव्हा निम्म्या संस्था त्याच फॉर्मात अडकलेल्या. त्यात परत दर ३१ मे च्या आत प्रत्येक देणगीदाराची माहिती भरायची, पाचशे रुपये देणाऱ्या आजोबांचा पण पॅन मागायचा. (२०२५ च्या बजेटमधे छोट्या संस्थांना ती नोंदणी दहा वर्षांची केली, उत्पन्न ५ कोटीच्या आत असेल तर. ८०जी चं मात्र पाचच. असो.) मला ते सगळं मान्यच होतं, ते फॉर्म मीच भरते, पण तासभर ऐकल्यावर जाणवलं की आम्ही सगळे संस्थेच्या नोंदणीबद्दल बोलतोय, माणसाबद्दल कोण बोलत नाही. मग मी कोरे कागद फाडून चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहू नका, फक्त एवढंच लिहा की तुमच्याकडं नेमणूकपत्र असलेली माणसं किती. गोळा केल्या, उघडल्या. तीन चिठ्ठ्यांवर शून्य होतं. त्यातली एक माझी.

थोडा वेळ कोण काय बोललं नाही. मग एक दादा, बालगृह चालवतात, ते म्हणाले, "आपण भट्टीमालकाला काय तोंडानं विचारतो ओ?" तिथून बैठक खरी सुरू झाली.

ठराव करायला मात्र तीन महिने गेले. दोन संस्था गळाल्या. एकांनी ठराव केला पण त्यात 'शक्य असल्यास' घातलं, आम्ही परत पाठवला. आमच्याकडं गणपती झाल्यावर सप्टेंबरमधे ठराव पास झाला, त्यात आक्कांची रक्कम तीन हप्त्यात द्यायची असं ठरलं, ठेवीच्या व्याजातनं. कायद्यानं ती ३० दिवसात एकरकमी द्यायला पाहिजे हे मला माहितीये, मी बोलले पण, पण ठेव मोडायला कोण तयार नव्हतं आणि मी तेवढ्यावर गप्प बसले. बसले ते बसले.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचा, किस्सा जरा सविस्तर सांगते कारण तिथंच काहीतरी हललं. एमआयडीसीतली एक कंपनी आमच्या दोन वर्गांना पैसे देते. कुठली ते राहू दे. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, वर्षाला ५ कोटी नफा झाला तरी ते लागू होतं आणि तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर घालायला लागतात, त्यामुळं आपल्याकडच्या कारखान्यांमधे पण आता सीएसआरचं टेबल असतं. तिथल्या ऑफिसरनी आमचं बजेट एक्सेलमधे उघडलं आणि शिक्षिकांच्या पगाराची ओळ लाल केली. "मॅडम, अॅडमिन पाच टक्क्यांच्या वर चालत नाही, रूल आहे." हे वाक्य मी दहा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की मला तो रूल देवानं लिहिलाय असं वाटायचं. यावेळी मी पिशवीतनं कागद काढला. कंपनी व्यवहार मंत्रालयानं २५ ऑगस्ट २०२१ ला सीएसआरवरच्या प्रश्नोत्तरांचं परिपत्रक काढलंय, त्यात स्पष्ट आहे की ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, प्रत्यक्ष प्रकल्प राबवायला जो खर्च होतो तो त्यात धरायचा नाही. मी त्या ओळीवर पिवळा मार्कर मारून नेलेला.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले. मग पुण्याला फोन लावला, बाहेर जाऊन बोलले, मी तोवर त्यांच्या भिंतीवरची सेफ्टीची पोस्टर वाचत बसले. आत आल्यावर त्यांनी नवीन ओळ घातली, 'प्रकल्प कर्मचारी वेतन', आणि त्याखाली 'वैधानिक देणी'. मग मला विचारलं ग्रॅच्युइटी धरायची ना, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ४.८१ टाईप केलं. वार्षिक पगाराच्या ४.८१ टक्के, १५ भागिले २६ भागिले १२. मी तो आकडा काढायला रात्र घालवली होती. त्यांना पाठ होता, कारण कारखान्यातल्या माणसांसाठी ते दर महिन्याला तो धरतातच. आमच्या बायकांसाठी धरायचा हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं इतकंच. दुष्टपणा बिष्टपणा काही नाही. घरी येताना खासबागेजवळ भेळ खाल्ली, एकटीनं, बिलाची पावती न मागता.

पुण्याहून मंजुरी यायला दीड महिना लागला, आणि ग्रॅच्युइटीची ओळ ठेवून मुलांच्या सहलीची काढली. म्हणजे एकूण पैसे तेवढेच. पोरांची सहल गेली, ते मला अजून लागतं. आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग सहलीचं मी देतो की हप्ता आला की." मी त्यांना ओरडले.

सरकारचं काम वेगळंच. निवेदन मी पहिलं लिहिलं ते चार पानी, सगळे कायदे, कलमं, निकाल. एका आमदारांच्या पीएनी ते हातात धरलं आणि परत दिलं. "ताई, एक पान. साहेब गाडीत वाचतात." रागानं घरी आले पण खरं सांगते, चाराचं एक केल्यावरच मला कळलं की आपल्याला काय पाहिजे. राज्य सरकार संस्थांमार्फत ज्या योजना चालवतं त्यांच्या अनुदानात माणसाचा पगार किमान वेतनाच्या खाली धरू नये आणि पीएफ, ग्रॅच्युइटीचा खर्च वेगळा द्यावा. अनुदान उशिरा आलं तर पगार थकतो, तर निदान पगारापुरता भाग दर तिमाहीला आधी सोडावा. शासन निर्णयांमधे 'मानधन' शब्द जिथं पूर्णवेळ कामासाठी आलाय तिथं 'वेतन' करावा. आणि संस्थेत काम करणाऱ्यांसाठी कल्याण मंडळ. हे शेवटचं बालगृहवाल्या दादांचं, ते म्हणाले माथाडीवाल्यांचा कायदा १९६९ चा आहे, घरकामवाल्या बायकांचं मंडळ २००८ च्या कायद्यानं झालं, मग आपलं का नको. मला स्वतःला मंडळावर फार विश्वास नाही, मंडळ झालं की आधी त्याचं ऑफिस होतं, पण बहुमत होतं म्हणून ठेवलं.

आधी आम्ही लोकशाही दिनाला गेलो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला असतो तो. तिथल्या क्लार्कनं नियम दाखवला, वैयक्तिक तक्रार पाहिजे, नोकरीबिकरीचे विषय यात घेत नाहीत. बरोबरच होतं त्याचं, आम्हीच न वाचता गेलो. मग नेहमीच्या टपालात दिलं, आवकचा शिक्का घेतला, त्या शिक्क्याचा आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे बघा. पुढच्याच आठवड्यात विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान, निकाल, शपथविधी, नागपूरचं अधिवेशन, कोण कशाला बघतंय.

उत्तर आलं ते फेब्रुवारीत. 'आपले निवेदन पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित करण्यात येत आहे.' कुणाकडं? इथं खरी मजा आहे. कामगार विभागाकडं पाठवलं तर ते म्हणणार अनुदान ज्या विभागाचं त्यांना विचारा. बालगृहं महिला व बालविकासकडं, वसतिगृहं सामाजिक न्यायकडं, आणि धर्मादाय आयुक्त येतात विधी व न्याय विभागात. त्यांच्याकडं विश्वस्त बदलला तर ९० दिवसात चेंज रिपोर्ट द्यायला लागतो, ट्रस्टची इंच इंच जागा परिशिष्टात असते, पण तिथं काम करणाऱ्या माणसाची नोंद कुठंच नाही. म्हणजे राज्यात आमचे मालक नोंदलेले आहेत, आमच्या खुर्च्या नोंदलेल्या आहेत, आम्ही नाही. मी फोन करून करून एका सेक्शनमधल्या बाईंशी ओळख केली, त्या फार सज्जन, म्हणाल्या, "ताई, तुमचा विषय चांगलाय हो, पण तुमचा विषय कुणाचाच नाहीये." मी ते वाक्य डायरीत लिहून ठेवलंय.

मधे मी पार कंटाळले होते. आमच्याबरोबर एक वकील दादा आहेत, फुकट सल्ला देतात आणि वर चहा पण पाजतात. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं त्या आठवड्यात त्यांना भेटायला गेले, सगळीकडं पेढे, आणि मी रडगाणं लावलं की वर्ष झालं ओ, काय होत नाही. ते हसायलाच लागले. "आम्ही चाळीसेक वर्षं भांडलो या बेंचसाठी. माझे सीनियर गेले वाट बघून. आणि तुम्ही वर्षात दमलात? पेढा घ्या." पेढा घेतला. ते हेही म्हणाले की अंगणवाडीचा निकाल आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असं समजू नका, सेविकांची पदं सरकारी योजनेतली, आपली गोष्ट वेगळी, पण मानधन या नावाआड लपता येत नाही एवढं त्यातनं घेता येतं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण काहीजण व्हॉट्सअॅपवर निकालाची बातमी फिरवून मोकळे होतात.

मग २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रुपवर परत अभिनंदन सुरू. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, पाच वर्षं थांबायला नको. आमच्यासाठी हे लय मोठं, कारण आमच्याकडं सगळंच प्रोजेक्टवर, प्रोजेक्ट तीन वर्षांचा, पाच वर्षं भरणारच नाहीत अशीच रचना. पण औद्योगिक संबंधांची संहिता उघडली तर त्यात 'उद्योग' शब्दाची व्याख्या आहे आणि धर्मादाय, सामाजिक, परोपकारी काम करणाऱ्या संस्था त्यातनं सरळ वगळल्यात. आधी सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय केसच्या निकालामुळं संस्थासुद्धा उद्योगात धरता येत होत्या, म्हणजे कामावरनं काढलं तर लेबर कोर्टाचं दार होतं. म्हणजे ग्रॅच्युइटीला आम्ही कर्मचारी आणि काढून टाकलं तर सेवेकरी. बोनसच्या जुन्या कायद्यात पण विनानफा संस्था वगळलेल्याच होत्या, ते तर मी कधी मागितलंही नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं तर दोन तास कुणी काय बोललं नाही आणि मग कुणीतरी गुड नाईटचं फूल टाकलं.

आता निवेदनाची दुसरी आवृत्ती चालू आहे, तीच एक पानाची, त्यात ही वगळण्याची गोष्ट घातलीय. पाचच्या नऊ संस्था झाल्यात. दोघी इचलकरंजीच्या, एक गडहिंग्लजची. पुढची बैठक दसरा चौकात शाहू स्मारकला घ्यायचा विचार आहे, भाडं कोण भरणार यावर अडलंय.

आक्कांचा तिसरा हप्ता दिवाळीच्या आधी दिला. त्या स्वतः आल्या नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मीच घरी गेले चेक घेऊन. व्हाऊचरवर सही करायच्या आधी त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, 'उपदान' लिहिलेलं होतं, विचारलं हे काय. म्हटलं ग्रॅच्युइटीला मराठीत असं म्हणतात. "मग तसंच लिव्ह की, शेजारणीला दाखवायचंय." मी खोडून वर 'ग्रॅच्युइटी' लिहिलं, बाजूला सही केली, ऑडिटर ओरडायचा तर ओरडू दे.

गेल्या महिन्यात नवीन फंडरचा कराराचा मसुदा आलाय, त्यात परत 'क्षेत्रीय कार्यकर्ता मानधन'. मी पेननं काट मारून वेतन लिहिलं, खाली ४.८१ ची ओळ घातली, स्कॅन करून गुरुवारी पाठवला. अजून उत्तर नाही.

आणि शिक्का अजून ड्रॉवरमधेच आहे. नवीन केलाय 'वेतन अदा केले', तो सगळ्यांना चालतो, पण आमचे दोघेजण सरकारी योजनेतनं घेतलेत आणि त्यांच्या यूसीच्या फॉरमॅटमधे मानधन शब्द नसेल तर खर्च अमान्य होतो. सात तारखेला ती दोन व्हाऊचर मी सगळ्यात शेवटी ठेवते.